पत्र्याची खोली आणि साडेपाच गिगाहर्ट्झ

मावशी, सा. न.

मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं शिकवण्या घेतल्या, आजीने थोडी भर घातली, आणि आता एक लाख दहा हजार जमलेत. मला स्वतःच्या हाताने डेस्कटॉप जुळवायचाय आणि ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचाय. पुण्याच्या मावसभावाने यादी दिली, तिच्यावर दुकानात कोटेशन घेतलं. इंटेल आय५ १४६००के प्रोसेसर २४,०००; झेड७९० मदरबोर्ड २१,०००; ३६०चा लिक्विड कूलर ९,५००; ग्राफिक्स कार्ड २०,०००; १६ जीबी रॅम आणि एसएसडी मिळून २५,०००; काचेचं कॅबिनेट ६,५००; एसएमपीएस लोकल २,०००. एकूण १,०८,०००. मॉनिटर घरात आहे. काम म्हणजे ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर), कॉलेजचं कोडिंग आणि गेम. भाऊ म्हणतो, साडेपाच गिगाहर्ट्झ आरामात जाईल. बाबा म्हणतात, घराला आग लावशील, तयार कंपनीचा घे. आमचं घर रामबागेत आहे, जुनं. माझी खोली गच्चीवर, पत्र्याची. यादी बरोबर आहे का? साडेपाचपर्यंत कसं न्यायचं? आणि बाबांना काय सांगू?

— अडकलेला भाचा

भाचेबुवा,

कोटेशन दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोळा त्याच ओळीवर थांबला: 'एसएमपीएस लोकल २,०००'. सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा तोच. लाखाची वरात काढलीस आणि नवरदेवाला घोडा लंगडा. दुसरी थांबायची जागा पत्राच्या शेवटी होती. तू ती सहज लिहून गेलास, पण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. गच्चीवरची पत्र्याची खोली.

ही बाई जुन्या वळणाची, हिला ओव्हरक्लॉकिंगचं वावडं, असं वाटायच्या आत माझी कुंडली सांगते. १९९९मध्ये डिप्लोमा झाल्याझाल्या मी जेल रोडवरच्या एका दुकानात मशिनी जुळवायची. तेव्हा सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर होता, १९९८च्या ऑगस्टमध्ये आलेला. बोर्डाचा मूळ ठेका, म्हणजे बस, ६६ मेगाहर्ट्झची आणि प्रोसेसरचा गुणक साडेचारवर कायमचा बांधलेला; दोन्हींचा गुणाकार म्हणून ३००. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगांत, जाऊन बस १०० केली की तोच तुकडा ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. दीडपट वेग, फुकटात! ४५०चा पेंटियम टू तेव्हा सामान्य माणसाने काचेतून बघावा अशा भावात होता. पहिल्यांदा स्क्रीनवर ४५० उमटलं तेव्हा दुकानातली सगळी पोरं टेबलाभोवती जमली, आणि मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने कचोरी खाऊ घातली. मी तस्सं एक मशीन स्वतःसाठी ठेवलं.

एप्रिल उजाडला आणि ते मशीन दुपारी अडकायला लागलं. मी विंडोज ९८ला शिव्या घातल्या, दोनदा फॉरमॅट मारला, रॅम बदलून पाहिली. संध्याकाळी बरोब्बर नीट चालायचं, त्यामुळे आणखीच चक्रावले. शेवटी एका दुपारी कॅबिनेटचं दार काढून हीटसिंकला बोट लावलं आणि बोट झटकन मागे आलं. पंख्यात धूळ आणि कुठल्याशा साडीचा दोरा अडकून तो जेमतेम फिरत होता. पंखा साफ केला तरी चारशे पन्नास काही दुपार काढेना. बस ७५वर आणली, ३३७ मेगाहर्ट्झ झाले, आणि त्यावर पुढचे दोन उन्हाळे निघाले. मी ४५०ची परीक्षा जानेवारीतल्या रात्री घेतली होती. माळव्याच्या रात्री थंड असतात, हे शब-ए-मालव्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो. प्रोसेसरलाही ते कळतं, हे मला तेव्हा कळलं.

ती चैन तेव्हा परवडायची, कारण कंपनी एकाच जातीचा माल वेगवेगळ्या वेगाचे शिक्के मारून विकायची. शिक्का तीनशेचा असला तरी आतल्या तुकड्याची ताकद पुष्कळदा जास्त असायची, आणि ती तुमच्यासाठी शिल्लक राहायची. आता कंपनी ती शिल्लक स्वतःच खर्च करून देते. उदाहरणादाखल तुझा १४६००केच बघ. त्याच्या मोठ्या कोअरचा (आतल्या कामकरी भागाचा) मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरज पडली की स्वतःहून गाठतो तो वेग, ५.३. म्हणजे तू डबा उघडून काहीही न करता तो मिळेल तेवढ्या थंडाव्यात, मिळेल तेवढ्या वॅटमध्ये स्वतःला ताणतच असतो. ५.३चे ५.५ केलेस तर चार टक्क्यांच्या आत वाढ. दहा मिनिटांचं रेंडर (ब्लेंडरमध्ये चित्र तयार करणं) साडेनऊ मिनिटांच्या थोडं वर होईल. वाचलेल्या तेवढ्या वेळात पाणी प्यायलाही उठता येत नाही.

बदल्यात उष्णता किती, त्याचा हिशेब तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून मांडून दाखवते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समज वेग पाच टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज दहा टक्के चढवलं. १.०५ गुणिले १.२१, म्हणजे साधारण १.२७. पाच टक्के वेगासाठी सत्तावीस टक्के जास्त उष्णता. १४६००केची कंपनीने लिहिलेली टर्बोमधली कमाल मुळात १८१ वॅट आहे. त्याच्यावर सत्तावीस टक्के धर, २३० झाले. इस्त्री नसली तरी इस्त्रीची धाकटी बहीण टेबलाखाली ठेवून बसल्यासारखं.

आता ही उष्णता जाणार कुठे? तुझ्या खोलीत. कूलर हवेचा असो की लिक्विडचा, तो प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीच्या हवेत टाकतो, बास. खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो करू शकत नाही. तुझा प्रोसेसर भर कामात खोलीपेक्षा पन्नास अंशांनी गरम राहतो असं धर. जानेवारीत रात्री खोली वीस, प्रोसेसर सत्तर. तू खूश, भाऊ खूश. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसला टेकतो, आणि पत्र्याखाली दुपारी दोन वाजता तेवढं तरी असणारच. प्रोसेसर ब्याण्णव. त्यावर ओव्हरक्लॉकचे आणखी दहा-बारा चढव. तो शंभरीला टेकला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे साडेपाचसाठी वीसेक हजार जादा मोजायचे आणि ऐन उन्हाळी सुट्टीत, जेव्हा तुला दिवसभर वेळ आहे, तेव्हा तो पाचच्या खाली चालणार. मावसभाऊ पुण्यात बसून बोलतोय, त्याला तुझे पत्रे दिसत नाहीत.

तेव्हा यादी. के अक्षराचा प्रोसेसर, झेडचं बोर्ड आणि ३६०चा कूलर हे तिघं एकमेकांचा हात धरून येतात, कारण इंटेलमध्ये गुणक मोकळा मिळतो तो के असेल तरच आणि प्रोसेसरचा गुणक वाढवू देतं ते झेडचं बोर्डच. बी७६०वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. या तिघांवर तुझे साडेचोपन्न हजार गेलेत. त्यात १३व्या-१४व्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांचं २०२४चं प्रकरण आहेच. ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने झिजून मशिनी अस्थिर होत होत्या. कंपनीने त्या ऑगस्टमध्ये नवं मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४६००के त्याच वाढीव वॉरंटीच्या यादीत आहे. ती दुरुस्ती असलेलं नवं बायोस टाकलं की तो वापरण्यासारखा आहे, पण ज्याला व्होल्टेजने एकदा बाधा झाली त्याच घराण्यावर तू पहिल्यांदा व्होल्टेज चढवायला शिकणार, हे मला पटत नाही.

मी तुझ्या जागी असते तर एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर घेतला असता. डबाबंद, सोबत कूलर येतो तो. बी६५० बोर्ड घेतलं असतं आणि वर अडीच हजारांचा चांगला टॉवर कूलर. सोबतचा कूलर चालतो, पण पत्र्याखाली किंचाळेल. तिघं मिळून पस्तीस हजारांच्या आसपास बसावेत. जेल रोडला आणि सिल्व्हर मॉलमध्ये, दोन्हीकडे विचार; चार दुकानं फिरल्याशिवाय इंदुरात कुणी पहिला भाव मान्य करतं का? ७६०० ६५ वॅटचा म्हणून विकतात आणि पूर्ण ताणला तरी ८८ वॅटच्या मर्यादेत राहतो. आणि रायझनचा गुणक मुळातच मोकळा असतो, बी६५०वर ओव्हरक्लॉकिंगही चालतं. म्हणजे तुझा खेळ बंद होत नाही, फक्त खेळाचं तिकीट स्वस्त होतं. ए६२०चं बोर्ड मात्र कुणी गळ्यात मारायला आला तर घेऊ नकोस, त्यावर प्रोसेसर हलवता येत नाही.

वाचलेल्या साडेएकोणीस हजारांपैकी चार हजार एसएमपीएसकडे जाऊ देत. दोनाचे सहा होतील आणि सहात चांगल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ६५० वॅटचा ब्रॉन्झ किंवा भाव बरा मिळाला तर गोल्ड दर्जाचा येतो (वीज किती कमी वाया जाते त्याचे हे दर्जे). उरलेले पंधरा ग्राफिक्स कार्डाला. ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनचं रेंडर आणि गेम, दोन्हींचा भार मुख्यतः कार्ड उचलतं. वीस हजारांच्या कार्डावरून पस्तीसच्या कार्डावर गेलास की जो फरक दिसेल तो प्रोसेसर गारठवणाऱ्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवूनही दिसणार नाही. रॅमवर काटकसर शक्य नाही, २०२५च्या अखेरीपासून भाव असे चढलेत की सोनं बरं म्हणायची पाळी. पण सोळा जीबी घेशील तर आठ-आठच्या दोन पट्ट्यांचा एकच संच घे. चार पट्ट्या भरल्या की या बोर्डांवर रॅमचा वेग धाडकन खाली येतो.

दुकानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. 'ट्रे' प्रोसेसर म्हणून बिनडब्याचा तुकडा हजार-दीड हजार स्वस्तात दाखवतील. त्याला कंपनीची तीन वर्षांची डबाबंद वॉरंटी नसते, मामला दुकानदाराच्या शब्दावर. जीएसटीचं पक्कं बिल घे, बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घे. भिया-भिया करून गोड बोलत कच्च्या बिलावर अठरा टक्के वाचवायला सांगतील. नको.

आता बाबा.

बाबांची भीती खोटी नाही, फक्त तिचा पत्ता चुकलाय. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर सहसा पेटत नाही. फार तापला तर वेग टाकतो, त्याहून तापला तर मशीन बंद पाडतो. पेट घेतो तो फालतू एसएमपीएस, सैल सॉकेट आणि जुनी वायर. रामबागेतलं जुनं घर म्हणतोस, म्हणजे गच्चीवर वीज नंतर कधीतरी कुणीतरी ओढून नेली असणार. थ्री-पिनचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायर आहे का, हे कधी उघडून पाहिलंयस? आमच्या माहेरी नव्हती. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारख्या झिणझिण्या यायच्या आणि आई म्हणायची, कॉम्प्युटरला ताप आलाय. कारण सोपं होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी लाइनवरचा गोंगाट गाळायला दोन चिमुकले कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला जोडलेला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते. नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध लोंबकळते, २३०च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी किरकोळ म्हणून नुसत्या मुंग्या. पण आत काही बिघडलं, तर त्याच पत्र्यावर पूर्ण फेज येऊन बसू शकते आणि फ्यूज उडवायला वाट उरत नाही.

म्हणून सगळ्यात आधी, एकही वस्तू विकत घ्यायच्या आधी, बाबांना सोबत घेऊन चांगला इलेक्ट्रिशियन बोलाव. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट त्याला मल्टिमीटरने मोजू दे; दोन-तीनच्या आत हवेत. जास्त आले किंवा अर्थ नसलीच, तर खड्डा नवा करावा लागेल. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरते म्हणून अर्थिंगला उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं राहतं. एप्रिलपासून आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओतायचं, ते काम तू घे. एखादा पठ्ठ्या सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'हो गया भिया' म्हणेल. त्याला चहा पाजून परत पाठव. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर तुझं सगळं कॅबिनेट फेजवर येईल. गच्चीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतलास तर मी बाबांच्या वतीने तुला शाबासकी देते. आणि यूपीएस घरात सहाशे व्हीएचा असेल तर तो आजीच्या टीव्हीला जाऊ दे. तो साधारण ३६० वॅट उचलतो. कार्ड भरात आलं की क्षणभर उसळी मारतं आणि हा पिप् करून माघार घेतो. हजार व्हीएच्या पुढचा बघ.

एवढं बाबांच्या डोळ्यांदेखत झालं की 'आग लावशील' हे वाक्य बहुधा पुन्हा येणार नाही. आलं, तर विजेच्या बिलावरून येईल. तेही सांगून टाक: समज मशीनने साठ वॅट जादा खाल्ले, रोज पाच तास, महिन्याला नऊ युनिट.

मग ओव्हरक्लॉकिंग करूच नको का? कर की. तुझ्या यादीत एक ओव्हरक्लॉक आधीच आहे आणि तुला ते माहीत नाही. डीडीआर५ ६०००ची रॅम आणलीस तरी पहिल्यांदा ती बहुतेक ४८००वरच चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सपो (रॅम डब्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करेपर्यंत ६००० हा फक्त डब्यावरचा आकडा. कित्येक लोक वर्षानुवर्षं तसेच बसलेले असतात. टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा वेग बघितला की कळतं. ७६००साठी कंपनीने लिहून दिलेला रॅमचा वेग ५२०० आहे, म्हणजे ६००० हे रीतसर ओव्हरक्लॉकच, आणि कागदोपत्री वॉरंटीच्या बाहेरचं. हे माहीत असू दे आणि तरी कर, कारण सहा हजारला ही जात आरामात चालते. फक्त आधी बायोस नवं टाक. २०२३च्या वसंतात याच ७०००च्या घराण्यातले काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले होते, एक्सपो लावल्यावर काही बोर्डं प्रोसेसरच्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं, म्हणजे एसओसीचं, व्होल्टेज वाजवीपेक्षा वर नेत होती म्हणून. मग ते १.३ व्होल्टला बांधलं गेलं. नव्या बायोसमध्ये ती गाठ आहे, जुन्यात नसेल.

एक्सपो लागल्यावर विंडोज टाकायची घाई नको. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लाव आणि झोप. सकाळी एक जरी चूक लाल अक्षरात दिसली तरी नापास. 'एकच तर आहे' चालत नाही. चुकीच्या रॅमवर टाकलेलं विंडोज म्हणजे फुटक्या माठातलं पाणी, दोन महिन्यांनी कुठलीतरी फाइल उघडत नाही आणि तू माझ्यासारखा फॉरमॅट मारत बसतोस.

नंतरचा खेळ मात्र उलट्या दिशेने खेळ. तुझ्या खोलीत वेग मिळवायचा रस्ता व्होल्टेज कमी करण्यातून जातो. बायोसमध्ये पीबीओ (एएमडीचं ओव्हरक्लॉकचं सेटिंग) असतं आणि त्याच्या पोटात व्होल्टेज कमी-जास्त करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर. त्यात सगळ्या कोअरना उणे दहा दे. तेवढ्याच वेगाला प्रोसेसर कमी व्होल्टेज घेतो, गार राहतो, आणि गार राहिला की स्वतःच थोडा जास्त वेळ वरच्या वेगावर थांबतो. टिकलं तर उणे पंधरा, मग उणे वीस. इथे नवशिके फसतात ते परीक्षेत. सिनेबेंच ही प्रोसेसर ताणणारी चाचणी अर्धा तास लावून पास म्हणतात. खाली आणलेलं व्होल्टेज भर कामात बरेचदा टिकतं आणि दगा देतं ते निवांत असताना, एकच कोअर क्षणभर उंच उडी मारतो तेव्हा. म्हणजे तू कोड टाइप करतोयस आणि मशीन आपसूक रीस्टार्ट. तसं झालं की पाच पावलं मागे. ग्राफिक्स कार्डाचंही तेच, आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आणून बघ. वेग थोडासाच जातो, पंख्याचा आवाज आणि खोलीचा उकाडा बराच कमी होतो.

आणि एक वही कर. खरीखुरी, शंभर पानी. सुरुवातीचं पान काहीही न बदलता: एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारं तापमान, वॅट, सिनेबेंचचे गुण, आणि त्या वेळचं खोलीचं तापमान. भिंतीवर लावायचा थर्मामीटर मेडिकलवाल्याकडे मिळतो. पुढे एका वेळी एकच बदल. बायोसमध्ये चार गोष्टी एकदम हलवून मशीन चढेनासं झालं की कुणी काय केलं हे देवालाही सांगता येत नाही. अडकलंच तर घाबरू नकोस. वीज काढ, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेव, सगळं मूळपदावर येतं. हिवाळ्यात लागलेले आकडे कच्चे समज. मे महिन्यातल्या दुपारी, पत्रा तापलेला असताना, प्रोसेसर पंच्याऐंशीच्या आत राहिला तर ते तुझे आकडे.

धुळीचं विसरत होते. २०१७पासून स्वच्छतेत आपलं शहर पहिलं म्हणून आपण जगभर सांगतो, पण गच्चीवरच्या धुळीला हे कुणी कळवलेलं नाही. पुढून काचेने बंद असलेलं ते साडेसहा हजारांचं कॅबिनेट यादीतून काढ. पुढे जाळी आणि जाळीमागे निघणारा फिल्टर असलेलं त्याहून स्वस्तात मिळतं. बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत घेणारे जास्त ठेव, म्हणजे हवा फिल्टरमधूनच आत येईल. महिन्यातून एकदा फिल्टर नळाखाली धू. सेव खात मशीन जुळवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. मी पाहिलंय.

जुळवणी स्वतःच कर, दुकानात फुकट करून देत असले तरी. रविवारी पोहे झाल्यावर खालच्या मोठ्या टेबलावर बस. वर नको, घाम टपकतो. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेव. या सॉकेटमध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात, केसासारख्या. त्यांवर बोट नको, फुंकर नको, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून अलगद सोडायचा. वरची काळी प्लॅस्टिकची टोपी उडेल ती जपून ठेव, वॉरंटीत बोर्ड देताना तीच मागतात. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलरच्या तळाचा पारदर्शक कागद सोलल्याशिवाय पेस्ट लावायची नाही. तो कागद तसाच ठेवून 'कूलर खराब' म्हणत आलेली गिऱ्हाइकं माझ्या हिशेबात निदान सहा आहेत, त्यातला एक प्राध्यापक होता. पेस्ट वाटाण्याएवढी. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल लोक हमखास विसरतात. ७६००मध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे, तेव्हा कॅबिनेटमध्ये काही बसवायच्या आधी, कार्डाशिवायच, मॉनिटर बोर्डाला जोडून एकदा चालू करून बघ. कार्ड बसवल्यावर मात्र मॉनिटरची केबल कार्डाला न्यायची, नाहीतर पस्तीस हजार आत नुसते बसून राहतील.

ते पहिलं बटण दाबशील तेव्हा पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी चार-पाचही. बोर्ड नव्या रॅमची ओळख करून घेत असतं. घाबरून बटण बंद करू नकोस, वायर ओढू नकोस, पुण्याला फोन तर मुळीच करू नकोस. आजीला हाक मार, खुर्चीत बसव आणि पहिली अक्षरं उमटेपर्यंत तिच्याशी गप्पा मार.

— मावशी